नोटीस देवापुढे पसरा

*आदरणीय बाई, प्रभूमध्ये सलाम.*

*माझं वय 44. मिस्टरांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, शेडची कामं करतात. चार वर्षांपूर्वी घर तारण ठेवून कर्ज काढलं. एका मोठ्या कामाचे पैसे बुडाले आणि हप्ते थकले. आता बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आहे. ती मी बायबलमध्ये घडी घालून ठेवली आहे, पुन्हा उघडून वाचायचा धीर होत नाही. सात महिने दर शुक्रवारी उपास करते, पहाटे साडेचारला उठून प्रार्थना करते. दिराचं घर लागूनच आहे, मध्ये एकच भिंत. जाऊ म्हणते, "एवढं पहाटे उठून रडता, ऐकलं का तुमच्या देवानं?" मंडळीतली एक बहीण म्हणाली, घरात कुठलं तरी पाप लपलंय, देव शिक्षा करतोय. बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी सांगितलं, विश्वासाचं बी म्हणून एकवीस हजार द्या, मार्ग उघडेल. भाऊ म्हणतो, वकील गाठ. पण वकिलाकडे गेले तर देवावरचा भरवसा कमी पडला असं होईल का? मिस्टर कोणाशी बोलत नाहीत, रात्री उठून वर्कशॉपमध्ये जाऊन बसतात. आता मी प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत. माझा विश्वास खोटा होता का?*

*— तुमची एक बहीण, अहिल्यानगर जिल्हा*

प्रिय ताई, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही सर्वांत जास्त जागा स्वतःच्या विश्वासाला दिली आहे आणि मिस्टरांना दोन ओळी. मी उलट करणार आहे, आधी त्यांच्याबद्दल बोलते. रात्री उठून एकटा वर्कशॉपमध्ये बसणारा, बोलणं बंद झालेला, कर्जात बुडालेला माणूस, ही गोष्ट उद्यावर टाकायची नाही. आज रात्री ते उठले की तुम्हीही उठा. चहा करून न्या आणि शेजारी बसा. आणि सरळ शब्दांत विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार मनात येतो का?" विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. उलट आतला माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं, किंवा टाळाटाळ झाली, तर त्या रात्री त्यांना एकटं सोडू नका, भावाला बोलवा आणि सकाळी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर 14416. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पाळकसाहेबांना घरी बोलवा, पण वचन ऐकवायला नको, नुसतं त्यांच्याजवळ बसायला बोलवा.

आता तुमच्या बायबलमधल्या त्या घडीबद्दल.

तुम्ही लिहिलंत की नोटीस बायबलमध्ये ठेवली आहे, आणि मला बायबलमधला यहूदा देशाचा हिज्कीया राजा आठवला. 2 राजे, अध्याय 18 आणि 19. आपण लहानपणी संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकली, पण ती शेवटच्या चमत्कारासाठी ऐकली. एका रात्रीत शत्रूची छावणी आडवी झाली, टाळ्या, गीत, घरी. मधलं सगळं राहून गेलं, आणि तुमच्या कामाचं आहे ते मधलंच.

ख्रिस्तपूर्व 701 सालची गोष्ट. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या स्वतःच्या लेखात, मातीच्या सहा बाजूंच्या इष्टिकेवर, त्यानं लिहून ठेवलंय की हिज्कीयाची 46 तटबंदीची नगरं घेतली आणि त्याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. ही इष्टिका लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथंच लाखीश नगर पडल्याची दगडी शिल्पंही आहेत. त्यांत बायका, पोरं, बैलगाडीवर लादलेलं सामान, सगळे घर सोडून निघालेले दिसतात. ताई, लाखीशातल्या बायकांनी प्रार्थना केली नसेल का? केलीच असेल. म्हणून कोणी तुम्हांला म्हणालं की प्रार्थना केली की घर वाचतंच, तर ते खरं सांगत नाहीत. मीही तसं सांगणार नाही.

हिज्कीयानं सुरुवातीला काय केलं माहीत आहे? घाबरून पैसे भरले. तीनशे किक्कार चांदी आणि तीस किक्कार सोनं, किक्कार म्हणजे तेव्हाचं मोठं वजन. तेवढं खजिन्यात नव्हतं, म्हणून मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्रा सोलून दिला. देवाच्या दाराचं सोनं! आणि तरीही सैन्य येऊन वेशीपाशी उभं राहिलंच. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्यासारख्या घरात याच वेळी मंगळसूत्र मोडलं जातं, किंवा खासगी सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी पैसे उचलून बँकेच्या तोंडावर फेकले जातात. दोन महिने बरे जातात आणि मग एकाच्या जागी दोन घेणेकरी दारात. भीतीनं दिलेल्या पैशानं वेढा उठत नाही.

त्या एकवीस हजारांचंही तेच. देऊ नका. एक रुपयासुद्धा नको. मी चाळीस वर्षं मंडळीत वावरले, दशांश देत आले, दान देण्याचा आनंद मला ठाऊक आहे. पण बुडणाऱ्या घराकडून "बी" मागणारा माणूस तुमच्या भीतीचा भाव ठरवतोय. देवाची कृपा विकत मिळत असती तर तिला कृपा म्हणालो नसतो.

वेशीबाहेर रब-शाके उभा राहिला, सन्हेरीबाचा बोलका माणूस. हिज्कीयाचे तीन अधिकारी त्याच्याशी बोलायला बाहेर आले, ते म्हणाले, अरामी भाषेत बोला, आम्हांला समजते, तटावरच्या लोकांना कशाला ऐकवता? तो मुद्दाम मोठ्यानं, लोकांच्या भाषेत बोलला. त्याच्या भाषणात तुमचे तीनही टोमणे आहेत. हिज्कीया तुम्हांला देवावर भरवसा ठेवायला लावतोय, फसू नका, हा एक. दुसऱ्या देशांच्या देवांनी कुठं त्यांना वाचवलं, हा दुसरा. हे दोन्ही तुमची जाऊ बोलते. तिसरा जास्त बारीक आहे. तो म्हणाला, परमेश्वरानंच मला सांगितलं की या देशावर चढाई कर. म्हणजे तुमचा देव आमच्या बाजूनं आहे. मंडळीतली ती बहीण "देव शिक्षा करतोय" म्हणते तेव्हा ती हेच बोलते. तिला तसं वाटत नसेल, पण शब्द रब-शाकेचेच आहेत. मिस्टरांचे पैसे ज्यानं बुडवले त्याचं पाप तुमच्या घरात का शोधायचं?

त्यावर लोकांनी काय उत्तर दिलं? काहीच नाही. राजाची आज्ञाच होती, उलट बोलू नका. ते गप्प राहिले. घाबरून गप्प राहणं आणि ठरवून गप्प राहणं यांत फरक असतो आणि तो समोरच्याला कळतो. जावेला उत्तर देऊ नका. पटवायलाही जाऊ नका. तिच्या पोराचा ताप विचारा, भाकरीला पीठ कमी पडलं तर द्या आणि वळून आत या. पहाटेची प्रार्थना मात्र लपवू नका. आवाज खाली आणा, कारण भिंत एकच आहे आणि त्यांना झोपायचं असतं, एवढंच. पंडिता रमाबाई पुण्यात, विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनात होत्या तेव्हा स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार उघडं ठेवत. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येत. त्यावरून केवढं वादळ उठलं. 1893 मध्ये सल्लागार मंडळातल्या मोठमोठ्या लोकांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. बाईंनी दार लावून घेतलं नाही. पुढे दौंडजवळच्या केडगावला त्यांची मुक्ती ही संस्था उभी राहिली, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो उपाशी मुलींना तिथं जागा मिळाली. केडगाव तुमच्यापासून लांब नाही. हे सगळं सरलं की एकदा जाऊन या.

आता तुमचा खरा प्रश्न, वकील की भरवसा.

सन्हेरीब येणार हे कळलं तेव्हा हिज्कीयानं शहराबाहेरचे झरे बुजवून घेतले, पडलेला तट बांधला, आणि गिहोन झऱ्याचं पाणी शहरात वळवलं. हे 2 इतिहास 32 मध्ये आहे. बहुतेक अभ्यासक ज्याला त्याचंच काम मानतात ते भुयार आजही यरुशलेमात आहे, खडकातून खोदलेलं, साधारण 533 मीटर लांब, आणि त्यातून पाणी वाहतं. दोन टोकांनी दोन टोळ्या खणत आल्या. मधे कुठं भेटायचं हे अंधारात कळणार कसं? 1880 मध्ये आत कोरलेला एक लेख सापडला. त्यात लिहिलंय की तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसांच्या हाका ऐकू आल्या.

त्या अध्यायात भुयार खणणाऱ्या हिज्कीयाला कोणी अविश्वासू म्हटलेलं नाही. देवावर भरवसा होता म्हणूनच हातात कुदळ होती. ताई, वकील ही तुमची कुदळ आहे.

तर आता कुदळीचं. नोटिशीच्या वर कलम पाहा. साठ दिवसांची म्हणजे बहुधा सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याच्या, कलम 13(2) ची असेल. ती मिळाली म्हणजे घर गेलं असं नव्हे. नोटिशीवरच्या तारखेपासून साठ दिवस मोजा आणि ती तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहा. या साठ दिवसांत तुम्हांला लेखी हरकत देता येते. रक्कम चुकली असेल, भरलेले हप्ते जमेस धरले नसतील, व्याज जास्त लावलं असेल, मुदत हवी असेल, ते सगळं कागदावर लिहायचं. हरकत मान्य नसेल तर बँकेनं पंधरा दिवसांत लेखी कारण कळवावं लागतं. म्हणून अर्ज हातानं द्या तर पोच घ्या, नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा. साठ दिवसांनंतर बँकेनं ताबा घेण्याचं पाऊल उचललं तर कर्ज वसुली न्यायाधिकरणात 45 दिवसांच्या आत दाद मागता येते. ही मुदत गेली तर पुढं फार अवघड होतं. बँकेशी एकरकमी तडजोडीचं, ज्याला ते ओटीएस म्हणतात, त्याचंही बोलणं याच काळात काढा, आणि जे ठरेल ते लेखी मागा. तोंडी "बघू" वर घरी येऊ नका.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळायचा हक्क आहे, 1987 चा कायदाच आहे तसा. जाताना कर्जमंजुरीचं पत्र, खात्याचा उतारा, घराचे कागद आणि ती नोटीस घेऊन जा. आणि ज्यानं पैसे बुडवले त्याची बिलं, चलनं, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, काही पुसू नका. त्याच्यावर वसुलीचा दावा करता येतो का हेही त्याच वकिलाला विचारा.

एवढी कामं केल्यावर प्रार्थनेला काय उरलं, असं वाटेल. खूप उरलं. भुयार झालं, तट झाला, तरी सन्हेरीबाचं धमकीचं पत्र आलंच. हिज्कीयानं ते दूतांच्या हातून घेतलं आणि वाचलं. ताई, आधी वाचलं. मग मंदिरात गेला आणि ते पत्र परमेश्वरापुढे पसरलं. मला या दोन अध्यायांत ही एक ओळ सर्वांत जवळची आहे. देवाला काय पत्र वाचता येत नव्हतं? पण माणसाला ते पसरावं लागतं. आणि त्यानं प्रार्थनेत खोटा धीर आणला नाही. त्यानं कबूल केलं, देवा, अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उजाड केली आहेत हे खरं आहे. आकडे लपवले नाहीत. मग म्हणाला, कान दे, डोळे उघड.

तुम्ही नोटीस झाकून ठेवलीत आणि देवापुढे बसलात. शब्द येणार कुठून? ज्याची सर्वांत जास्त भीती आहे ते पुस्तकात बंद, आणि जीभ इकडचं तिकडचं बोलते. तुमचा विश्वास खोटा नाही, तो त्या घडीत अडकलाय.

मला हे कसं कळतं ते सांगते. मी शिक्षिका होते. एका संस्थेनं मला पत्र दिलं, सेवा संपुष्टात आणत आहोत. मुलगी पाचवीत, मिस्टरांना दमा. ते पाकीट मी गव्हाच्या डब्याखाली ठेवलं आणि अकरा दिवस कोणाला सांगितलं नाही. रोज सकाळी साडी नेसून बाहेर पडायचे आणि गावाबाहेरच्या बंधाऱ्यावर बसायचे. मंडळीत एका रविवारी साक्षी चालू होत्या. एक भाऊ म्हणाले, मी मागितलं आणि आठ दिवसांत नोकरी मिळाली. मी उठून बाहेर आले आणि चपलांच्या ढिगाजवळ उभी राहून रडले. तुमच्यासारखंच मला वाटलं, आपलं सगळं खोटं होतं.

त्या रात्री सासूबाईंनी गहू काढायला डबा सरकवला. पाकीट त्यांच्या हाती लागलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते मला वाचायला लावलं, मोठ्यानं, दोनदा. मग पाटावर अंथरलं, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, कारण घडी उलगडत नव्हती, आणि म्हणाल्या, "बापा, बघ हे काय लिहिलंय." एवढंच. आमेनसुद्धा म्हणायचं राहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी वकिलाकडे गेले. निकाल लागायला 26 महिने गेले. नोकरी परत मिळाली, थकलेला पगार अर्धाच मिळाला. मिस्टरांचा दमा त्या काळात वाढला तो पुन्हा उतरला नाही. कोणी साक्ष द्यायला सांगितली तर मी हे सगळं सांगते, अर्ध्या पगारासकट.

शब्द येत नसतील तर दुसऱ्यांचे घ्या. 13 वं स्तोत्र सहाच ओव्यांचं आहे. "कुठवर?" हा प्रश्न त्यात चारदा आहे. ते रोज वाचा, तीही प्रार्थनाच. आणि शुक्रवारचा उपास सध्या थांबवा. सात महिने झाले, अंगात ताकद हवी आहे, न्यायालयाचे जिने चढायचे आहेत. हिज्कीयानं यशया संदेष्ट्याकडे निरोप पाठवला तेव्हा शब्द वापरले, मूल जन्माच्या वेळेला आलं आणि बाळंत व्हायला बळ उरलं नाही. राजा आणि असलं बोलतो! आपल्याला बळ नाही असं सांगून त्यानं दुसऱ्याची प्रार्थना मागितली. तुमच्या मंडळीत एक तरी बाई असेल जी टोमणा मारणार नाही आणि बातमीही करणार नाही. तिला घरी बोलवा, नोटीस वाचून दाखवा आणि म्हणा, मला जमत नाही, तू कर.

यशयाचा निरोप आला त्यात एक खूण सांगितली होती, ती पुष्कळदा वाचून सोडली जाते. या वर्षी आपोआप उगवलेलं खा, दुसऱ्या वर्षी त्यापासून उगवेल ते खा, तिसऱ्या वर्षी पेरा, कापा, द्राक्षमळे लावा. वेढा एका रात्रीत उठला, पण शेत उभं राहायला तिसरं वर्ष लागलं. तुमचंही तसंच होईल असं धरून चला. घर राहिलं तरी दोन वर्षं पडलेलं वेचून खायचे दिवस असतील. आणि घर राहिलंच नाही, भाड्याच्या दोन खोल्यांत जावं लागलं, तर तो तुमच्या प्रार्थनेचा निकाल आहे असं मानू नका. मला लिहा. मी तेव्हाही असेन.

आज रात्री मिस्टर वर्कशॉपमध्ये जातील तेव्हा चहाबरोबर ती नोटीसही घेऊन जा. त्यांच्या कामाच्या टेबलावर पसरा. कोपऱ्यांवर नटबोल्ट ठेवा, घडी पडलेला कागद वर येतो. तारीख दोघांनी मिळून वाचा. त्यांनी डोळे मिटले नाहीत तरी चालेल, हात धरू दिला तरी पुष्कळ. तुम्हांला बोलवेल तेवढं बोला.

आणि बँकेला द्यायच्या अर्जाचा कच्चा मसुदा झाला की मला पाठवा. पोस्टात टाकण्याआधी मी एकदा नजरेखालून घालते.

तुमची,
बाई